वामनरावांनी लिहिलेली शंका

वामनराव भोयरांचा कोणाच्याही वयावर विश्वास नव्हता. पाटबंधारे खात्यात कारकुनी करता करता तीस वर्षं त्यांनी नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या अजिंक्य फुटबॉल क्लबचं सचिवपद सांभाळलं, आणि या तीस वर्षांत चौदा वर्षांखालच्या संघातून दाढीचे खुंट वाढलेले कितीतरी बाप्ये त्यांनी बाहेर काढले. एकोणीस वर्षांखालच्या एका गोलकीपरला तर त्याचीच चिमुरडी मैदानाच्या कडेवरून ‘बाबा, बाबा’ करत हाका मारत होती. तेव्हापासून जन्मदाखला समोर आला की वामनराव आधी दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि मग दाखल्याकडे.

वय सरळ विचारायचं नाही, हा त्यांचा खाक्या. पोरगं बुटाचे बंद बांधत असलं की सहज काहीतरी जुनं काढायचं. ते बेसावधपणे बोलून जायचं आणि वामनराव मनातल्या मनात हिशेब जुळवायचे. त्यांच्या पत्नी यमुताई म्हणायच्या, “बरं झालं, लग्नात माही शाळेची टीसी नाही मागितली तुम्ही.”

असा हा माणूस, आणि त्याच्याच क्लबातली दामिनी राष्ट्रीय शिबिरात पोचली. पोरगी सावनेरकडच्या खेड्यातली, बाप धर्मेंद्र कोळशाच्या खाणीत कामाला. ती नागपुरात मावशीकडे राहून खेळायची. डाव्या बगलेनं बॉल घेऊन सुटली की समोरच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. सतरा वर्षांखालच्या मुलींची दक्षिण आशियाई स्पर्धा काठमांडूला होती. नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि आपण. क्लबातल्या कोणाच्या अंगावर देशाची जर्सी आजवर चढली नव्हती. शिबिर आटोपून पोरगी घरी आली आणि मागोमाग महासंघाचं पत्र आलं. दोन हजार नऊच्या एक जानेवारीनंतर जन्मलेल्याच मुली चालतील, जन्माचे कागद आणि क्लबच्या सचिवाचा अभिप्राय गुरुवारपर्यंत पाठवा.

धर्मेंद्रनं ग्रामपंचायतीचा दाखला आणला. वीस फेब्रुवारी दोन हजार नऊ. पण दाखला काढलेला मागच्याच महिन्यात, अगदी कोरा करकरीत. आणि शाळेच्या कागदावर तारीख होती तीस जून दोन हजार आठ. वामनरावांच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात.

“हे दोन तारखा काहून गा?”

“भाऊ, तिची मोठी बहीण वंदना शाळेत जाये,” धर्मेंद्र म्हणाला. “हिची माय कापूस येचाले. हे घरी एकटीच रडे. मंग गुरुजीले म्हटलं, हिलेबी बसवा बहिणीसंगं. गुरुजीनं सहा वर्स पुरे करून टाकले.”

ही गोष्ट वामनरावांनी आजवर निदान पन्नास बापांच्या तोंडून ऐकली होती. सगळ्यांच्या घरी मोठी बहीण, सगळ्यांचे गुरुजी दयाळू! त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी मैदानावर दामिनीला गाठलं.

“नोटबंदी झाली तवा तू कितवीत होती वं?”

“तिसरीत,” ती बंद बांधता बांधता म्हणाली.

झालं. तिसरीतल्या पोरीला आठ पूर्ण झालेली असतात, आणि दाखल्याप्रमाणे ही तेव्हा पावणेआठचीसुद्धा नव्हती. सापडली चोरी! उद्या काठमांडूत हे उघडं पडलं तर शेजारच्या तीन देशांसमोर नाचक्की, आणि खाली सही भोयरांची. गुरुवारी त्यांनी अभिप्राय लिहिला, ‘जन्मतारखेबाबत शंका आहे.’ दामिनीला मात्र एवढंच सांगितलं, “कागद पाठवले.”

यमुताईंपासून काही लपत नसे. “शंका होती तर आधी जाऊन पाहायचं,” त्या म्हणाल्या. “सावनेर काय लंकेत आहे?”

वामनराव शुक्रवारी सकाळीच निघाले. आपली शंका खरी करूनच परतायचं, असा त्यांचा बेत होता. गावात त्यांनी पंचायत टाळली, तिथले कागद मॅनेज होतात म्हणून. ते गेले शोभाताईंकडे. त्या वीस वर्षं गावच्या नर्स होत्या आणि आता घरीच असत.

“दामिनी ना? माह्याच हातावर झाली,” शोभाताई म्हणाल्या. “महाशिवरात्रीले तीन दिवस होते. बाप पचमढीले गेलता, महादेवाले. पोरगी झाली हे त्याले आल्यावर समजलं.”

“पण साल कोणतं, बाई? शिवरात्र तर दरसाल येते.”

शोभाताईंनी पेटीतून लसीकरणाची जुनी वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. वीस फेब्रुवारी, दोन हजार नऊ. मुलगी, वजन सव्वादोन किलो. वामनरावांनी आधीचं पान पाहिलं, नंतरचं पाहिलं, अक्षर ताडून पाहिलं, शाईवरून बोट फिरवलं. खाडाखोड कुठंच नव्हती.

धर्मेंद्र खरं बोलला होता. पोरगीही खरंच बोलली होती. वर्षभर आधी शाळेत बसलेली पोरगी नोटबंदीत तिसरीतच असणार, हे तिच्या बापानं आधीच सांगितलं होतं आणि यांनी ऐकून सोडून दिलं होतं. अंगणातूनच त्यांनी महासंघाला फोन लावला. पलीकडचे साहेब सभ्य होते. संघ सकाळीच जाहीर झाला, म्हणाले, आता बदल होत नाही. पुढच्या वर्षी दामिनी या वयोगटात बसणार नव्हती, हे वामनरावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

आठ दिवस त्यांनी ही गोष्ट दामिनीपासून लपवली. भारत-नेपाळ सामना क्लबच्या टीव्हीवर लावला होता. सगळ्या पोरी खाली सतरंजीवर, दामिनी पुढं. डाव्या बगलेवरच्या मुलीचा क्रॉस गोलामागं गेला आणि पोरी हळहळल्या. दामिनी वळली.

“काका, माह्या कागदात काय कमी होतं?”

“काही कमी नव्हतं,” वामनराव म्हणाले. “मीच शंका लिहिली. मंग शोभाताईची वही पाहिली. तू खरी होती. मी चुकलो बाई.”

दामिनी रडली नाही की ओरडली नाही. मग उठून तिनं टेबलावरचा क्लबचा कागद ओढला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

“लिहून द्या.”

“आता कशाले वं?”

“पुढं वीस वर्षांखालची टीम आहे. तवाबी कोणी विचारन.”

वामनरावांनी लिहिलं. जन्म वीस फेब्रुवारी दोन हजार नऊ, मी स्वतः खात्री केली आहे. खाली सही केली. दामिनीनं कागद घेतला, तारीख एकदा वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि कागद परत त्यांच्यापुढं सरकवला.

“शिक्का मारा काका,” ती म्हणाली. “नुसत्या सहीवर माहा भरोसा नाही.”