दिवसा सांगितलेली वाघाची गोष्ट

मी त्या वेळी सावलीजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. वय बावीस होते आणि मला सगळे कळत होते. शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गाने आम्हाला एक काम लावून दिले होते: गावातली प्राण्यांची एक जुनी गोष्ट ऐकायची, वहीत उतरवायची आणि खाली तिचा उगम व तात्पर्य लिहायचे. वही शुक्रवारी सकाळच्या मोटारीने चांद्याला जायला हवी होती. गुरुवारी दुपारपर्यंत माझे फक्त मथळे लिहून झाले होते, तेही ठळक अक्षरांत.

मी ज्या घरी भाड्याने राहत होतो, त्या घरच्या बाईंना वाघाची एक गोष्ट येते हे मला ठाऊक होते. त्यांची सहा वर्षांची मुलगी शाळेत त्या गोष्टीबद्दल सांगायची. बाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी वही घेऊन समोर बसलो तर त्या म्हणाल्या, दिवस बुडल्यावर सांगते. दिवसा गोष्ट सांगितली की पोरांचा मामा वाट चुकतो, हे त्या मुलखात सगळ्यांनाच माहीत होते. मलाही होते, पण मी ते कधीच मोडीत काढले होते.

त्यात मामा नेमका त्याच दिवशी यायचा होता. बाईंचे माहेर वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीकडच्या जंगलात. आईने अंथरूण धरले होते, आणि भाऊ गुरुवारी न्यायला येतो असा निरोप बांगड्या विकणाऱ्या चाचांनी आणला होता. भाऊ न्यायला आल्याशिवाय सासुरवाशीण माहेरी निघत नसे, मग आई कितीही आजारी असो. बाईंनी सकाळीच गाठोडे बांधून दाराशी ठेवले होते. एवढे सगळे समोर दिसत असताना मी त्यांना पाऊण तास समजावले. गोष्ट आणि वाट यांत कार्यकारणसंबंध नाही, असे मी म्हणालो. हा शब्द मी त्या अंगणात खरोखर वापरला. शेवटी माझी नोकरी या वहीवर आहे असेही सांगितले, ते निम्मे खरे होते. बाईंनी सूप खाली ठेवले. त्यांना कुणाला नाही म्हणणे जमत नसे आणि मला ते माहीत होते.

गोष्ट अशी. एक भाऊ जंगलातून बहिणीला न्यायला निघाला. वाटेत पिंजऱ्यात सापडलेला वाघ रडत होता. भावाला दया आली, त्याने दार उघडले. बाहेर येताच वाघ म्हणाला, आता तुला खातो. तेवढ्यात तिथे कोल्हा आला. एवढा मोठा वाघ एवढ्याशा पिंजऱ्यात मावला कसा, हे कोल्ह्याला काही केल्या समजेना. वाघ वैतागला, थांब दाखवतो म्हणून आत शिरला आणि कोल्ह्याने दार लावले.

इथे बाई थांबल्या. झाली का, असे मी विचारले. त्यांनी सूप उचलले. झाली असे धरून मी पुढे सरकलो. गोष्ट कुठून आली म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आईकडून, आणि आईला तिच्या आईकडून. उगमाखाली मी 'अज्ञात' लिहिले. तात्पर्य हा शब्द त्यांना कळेना, म्हणून या गोष्टीतून घ्यायचे काय, असे सोपे करून विचारले.

"काई नाई," त्या म्हणाल्या. "त्याले काऊन उशीर झाला, ते हाये तिच्यात."

याला तात्पर्य म्हणता येत नव्हते. मी 'दुष्टावर दया करू नये' असे लिहून त्यावर आठ ओळींचे विवेचन केले आणि वही वेळेवर रवाना केली.

भाऊ गुरुवारी आला नाही. शुक्रवारी दिवस बुडाला तरी त्याचा पत्ता नव्हता. मुलगी आईजवळ गोष्टीसाठी हट्ट धरू लागली, तेव्हा बाई तिला म्हणाल्या, ती सांगून झाली. मी भिंतीपलीकडे जेवत होतो. तेव्हा कुठे मला उमगले. येणारा दिवसाउजेडी आला नाही की संध्याकाळी ही गोष्ट पोरांना सांगायची, एवढाच तिचा उपयोग होता. मामा हरवला नाही, वाघाने थांबवला आहे, कोल्हा येतोच आहे. उजेड असेपर्यंत ती सांगायची नाही, कारण तोवर तो यायचा असतो. माझ्या दोन मथळ्यांची उत्तरे बाईंनी मला दिली होती आणि मी ती बाजूला सारली होती. मला फार लाज वाटली, आणि सरळ सांगतो, भीतीही वाटली.

शनिवारी शाळा लवकर सोडून मी घाटावर गेलो. नाव अलीकडच्या काठाला बांधलेली होती आणि नावाडी घरात तापाने फणफणत पडला होता. पलीकडच्या वाळूत एक माणूस बसलेला दिसत होता. मी तिथल्या मासे धरणाऱ्या एका ढिवराच्या हातापाया पडून त्याला नाव घेऊन पाठवले. तो बाईंचा भाऊच होता. त्याला वाट पूर्ण पाठ होती. गुरुवार दुपारपासून तो तिच्या टोकाशी बसून होता.

बाईंनी त्याला उशिराचे काही विचारले नाही. गाठोडे उचलले. निघताना माझ्या दाराशी थांबल्या.

"गुरुजी, ते गोष्ट तेवढी नाई," त्या म्हणाल्या. "मंग भाऊ बहिणीच्या घरी पोचला, असं हाये पुढे. तो आला नवता, तं मी कसं म्हणू?"

वही चांगल्या शेऱ्यासह परत आली. तात्पर्य विशेष आवडल्याचे लिहिले होते.

बाई तीन आठवड्यांनी परतल्या. आई गेली होती. मी भेटायला गेलो, तर त्याच मला समजावू लागल्या.

"आठ दिवस भेटले गुरुजी," त्या म्हणाल्या. "लय झाले."

मी मान हलवली. नावाड्याला ताप बुधवारी रात्रीच चढला होता, म्हणजे गोष्टीच्या आधी. मी शनिवारीच घाटावर त्याच्या बायकोला दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. माझा काही दोष नाही, हे मी कुणालाही पटवून देऊ शकतो. तरी ते आठ दिवस आठवले की मी त्यांत वाळूत गेलेले दोन मिळवतो.