विलायतेतला प्याला आणि परळचा

तरुण संघातल्या मित्रांनो,

आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांबरोबर मी विलायतेतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना भेटून आलो. तिथे प्रभुभोजनात सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेत असताना एका गोऱ्या बाईंनी माझा उष्टा प्याला ओठांना लावला. आज परळच्या उपासनेत मी हे सांगितले, तेव्हा माझ्या काकूंना रडू आले.

नंतर प्रभुभोजनाच्या रांगेत माझ्यापुढे सखाराममामा होते. ते गिरणीत झाडूकाम करतात. परवा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आम्ही हातात हात घालून चाललो होतो.

काकू मागून म्हणाल्या, "मामा, तुम्ही शेवटी घ्या. आम्हांला प्यायचंय त्यातून."

"बरं बाई," म्हणत मामा मागे गेले. मी त्यांच्या जागी पुढे सरकलो.

त्यांच्यापर्यंत प्याला रिकामा आला. त्यांनी तो तरीही ओठांना लावला.

पुढच्या रविवारी घोडपदेवच्या मंडळीत मला विलायतेची तीच गोष्ट सांगायची आहे. मामा ऐकायला येणार आहेत. सांगू का?