नवं नाणं पोलीस चौकीत

“साहेब, आपलं नवं नाणं पोलीस चौकीत आहे,” अहमदपूर शाखेचे मॅनेजर फोनवर म्हणाले. “आणि नाण्याबरोबर एक बाईपण.”

मी लातूरला आमच्या बँकेची करन्सी चेस्ट सांभाळतो. चेस्ट म्हणजे जाड भिंतींची खोली. तिच्यात रिझर्व्ह बँकेचा पैसा ठेवलेला असतो आणि तिथून तो आसपासच्या शाखांना जातो. खोली आमची, पैसा रिझर्व्ह बँकेचा, डोकेदुखी माझी.

बाई म्हणजे चंद्रकलाबाई कांबळे. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर त्यांचा चहा-भज्यांचा स्टॉल आहे. धाकटी मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला आहे, तिची फी याच कढईतून निघते.

चंद्रकलाबाई आणि नाण्यांची गाठ आम्हीच घालून दिली होती. स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीचं चिन्ह असलेली नवी नाणी आली तेव्हा वरून हुकूम आला की मेळा घ्या. स्मारक नाणी दोन प्रकारची असतात. एक शौकिनांसाठी, डबीत ठेवून विकायची. दुसरी रोजच्या व्यवहाराची, फक्त चित्र नवं. आमची दुसऱ्या प्रकारची होती, पण रिजनल ऑफिसला मखमली पिशव्यांचा मोह आवरला नाही. मंडप घातला, पाहुणे दुपार उलटल्यावर आले आणि नाण्याच्या प्रत्येक रेघेत देश आहे असं बराच वेळ बोलले. छोटी व्यापारी म्हणून चंद्रकलाबाईंना स्टेजवर बोलावलं, नारळ दिला आणि त्यांच्याच नोटांच्या बदल्यात नाण्यांची पिशवी हातावर ठेवली. त्यांना सुट्ट्यांची नड होतीच.

बहुतेकांनी ती नाणी देवघरात ठेवली. चंद्रकलाबाईंनी ती वापरली. सरकारचा हेतू नेमका तोच होता, त्यामुळे अडचणीत आल्या त्या एकट्याच.

झालं असं की एका प्रवाशाने भजी खाल्ली, नोट दिली, सुट्ट्यांत नवी नाणी मिळाली. ती पानवाल्याने घेतली नाहीत. गडी परत आला आणि ही बाई खोटी नाणी खपवते म्हणून त्याने गर्दी जमवली.

मी पोचलो तेव्हा जमादार नाणं खिडकीच्या उजेडात धरून बघत होते, नोट बघतात तसं.

“खरं हाय का साहेब?”

“खरं आहे.”

“मग असं का दिसून राहिलंय?”

डिझाइन नवं आहे, म्हणालो. चौकीला कुणी कळवलं नाही, जमादार म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. कळवलं कुणालाच नव्हतं, फक्त मेळा घेतला होता.

चंद्रकलाबाई बाकावर पदर आवळून बसल्या होत्या. “नारळ देऊन तुम्हीच हातावर ठेवलं नव्हं?” त्या म्हणाल्या. “मेळ्याच्या फोटोत लई हसून राहिलेत तुम्ही. आता ह्यांना सांगा की, तसंच हसत.”

तक्रार नोंदली गेली नाही, पण बोभाटा स्टँडच्या साहेबांपर्यंत पोचला. स्टॉलचा परवाना त्याच महिन्यात नव्याने व्हायचा होता. बाजाराच्या दिवसापर्यंत नाणी खरी असल्याचं बँकेचं पत्र आणा, नाहीतर सही होणार नाही, असा त्यांनी निरोप दिला.

मी रिजनल ऑफिसला फोन लावला. मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पत्र देता येणार नाही.”

“का सर?”

“नाणं खरं आहे असं आपण लिहून दिलं, तर ते खोटंही असू शकतं असा अर्थ निघतो.”

“मग बाईंचं काय करू?”

“आणखी एक मेळा घ्या. बॅनर जरा मोठा करा.”

पत्र मिळणार नाही म्हटल्यावर मी दुसरा मार्ग काढला. बाजाराच्या दिवशी शाखेत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत चंद्रकलाबाईंनी उरलेली नवी नाणी आपल्या खात्यात भरायची. बँकेने घेतली की पानवाल्यालाही वेगळा पुरावा लागणार नाही. स्टँडच्या साहेबांनाही बोलावलं. ते आले आणि भिंतीशी उभे राहिले.

चंद्रकलाबाईंनी काउंटरवर पिशवी ठेवली. कॅशियर बिरादार यांनी मान वर न करता ती परत ढकलली.

“चिल्लर बंद हाय, मावशी.”

रांगेत कुणाला नवल वाटलं नाही. मागचा एक किराणावाला मला म्हणाला, “इथं कधीच घेत न्हाईत, साहेब. मग आम्ही कशाला घ्यावं?”

मंडपात आम्ही ज्या नाण्याची आरती केली होती, त्याला आमच्याच काउंटरवर थारा नव्हता. गावाने रिझर्व्ह बँकेची पत्रकं वाचली नव्हती, कॅशियरकडे पाहिलं होतं. मी बिरादारांना बाजूला घेऊन चढ्या आवाजात विचारलं, कुणाच्या हुकमाने?

“हुकूम कशाला पाहिजे?” बिरादार म्हणाले. “घेतो की. पण ठेवू कुठं? मी पाठवली की तुमची चेस्ट परत करते, जागा न्हाई म्हणून.”

हेही खरं होतं. नोट फाटली की वर, रिझर्व्ह बँकेकडे जाते. नाणं फाटत नाही, म्हणून ते वर कुणी घेत नाही. ते फक्त खाली जातं, वरच्याने खालच्याच्या गळ्यात घातलेलं. माझ्या चेस्टमध्ये गोण्या छतापर्यंत होत्या, आणि मलाही माझ्या वरच्यांनी जागा नाही असंच कळवलं होतं.

स्टँडचे साहेब घड्याळ बघत होते. चंद्रकलाबाई माझ्याकडे बघत होत्या.

“घ्या,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “संध्याकाळी माझ्या गाडीतून लातूरला नेतो.”

बिरादारांनी नाणी मोजली, स्लिपवर शिक्का मारला. स्टँडचे साहेब स्लिप उलटसुलट बघून म्हणाले, “पत्र असतं तर बरं झालं असतं. पण चालंल.” परवान्यावर सही झाली.

किराणावाला मात्र रांग सोडून पळाला आणि हमालाच्या पाठीवर गोणी घेऊन परत आला. त्याच्यामागे हॉटेलवाले आले, मेडिकलवाले आले, दर्ग्याजवळचे फूलवाले आले. इतक्या वर्षांची नकोशी चिल्लर अख्ख्या गावाने काउंटरवर ओतली. संध्याकाळी माझी गाडी चढाला कण्हत होती.

पुढच्या आठवड्यात रिजनल ऑफिसकडून दोन कागद आले. एकात मेळ्यातली सर्व नाणी चलनात आल्याबद्दल अभिनंदन होतं. दुसऱ्यात तीच नाणी माझ्या चेस्टमध्ये का पडून आहेत, याचा खुलासा मागितला होता. मी अभिनंदनाच्या कागदाची झेरॉक्स खुलासा म्हणून जोडली. ती मान्य झाली.

महिनाभराने अहमदपूरला गेलो तेव्हा चंद्रकलाबाईंच्या स्टॉलवर चहा घेतला. सुट्टे परत यायचे होते. त्यांनी बरणीतून लिमलेटच्या गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. गावातली चिल्लर सगळी तुमच्या गाडीतून गेली, सगळं स्टँड आता ह्यावरच चालतं, म्हणाल्या. गोळीवर चिन्ह नाही, तिचं उद्घाटन झालेलं नाही, आणि ती खरी की खोटी असं अजून तरी कुणी विचारलेलं नाही.