खासदारबाईंच्या नवऱ्याचं जेवण

मागच्या रविवारी परंड्याला आमच्या घरी खासदार आल्या होत्या. म्हणजे माझी बायको, सुनंदा.

हसू नका... आता सगळी गल्ली तिला खासदारच म्हणते. "सर, खासदार कधी येनार?" असं कुणी विचारलं की मीही निमूटपणे सांगतो, "सध्या अधिवेशन चालू आहे."

बऱ्याच वर्षांपूर्वी आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि गल्लीतल्या बायकांनी हिला उभं केलं. मी तेव्हा शाळेत मास्तर, माझं राजकारण पेपर वाचण्यापुरतं. विरोधकांना वाटलं, नाव बायकोचं असलं तरी कारभार नवराच बघणार. त्या नवऱ्याला गटारीचं टेंडर कशाशी खातात हे अजूनही कळलेलं नाही!

ही मात्र सकाळी उठून, गाउनवर ओढणी टाकून महेबूबभाईंबरोबर व्हॉल्व्हपाशी उभी राहायची. महेबूबभाई म्हणजे आमच्याकडं नगरपरिषदेचं पाणी सोडणारे. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, आठवड्यानं येतं, तेही लहर आली तर. त्यामुळं नगरसेवकाची सगळी परीक्षा तिथंच होते.

पुढं ही नगराध्यक्ष झाली. मग लोकसभेच्या वेळी दोन बड्या नेत्यांचं तिकिटावरून जमेना, म्हणून तिसरंच नाव पुढं आलं... हिचं. आणि आली की निवडून! गुलालानं माझा एकुलता एक चांगला शर्ट कायमचा गुलाबी झाला.

तेव्हापासून मी घरात एकटा. मी रिटायर झालेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. दुपारी संसदेचं चॅनल लावून बसतो, ही मागच्या बाकावर दिसली तर दिसली... एकट्यासाठी पोळ्या लाटायचा कंटाळा येतो, मग सकाळचाच भात संध्याकाळी. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं.

तसं ही अधूनमधून येते. पण बरोबर गाड्या, पीए, बंदूकवाला पोलीस आणि दारात शंभर माणसं. निवडून आल्यापासून आम्ही दोघं एकदाही एकत्र जेवलो नव्हतो. मला बाकी काही नको होतं... फक्त एकदा समोरासमोर बसून जेवायचं होतं.

म्हणून रविवारी मी हुलग्याचे शेंगोळे केले. ते हिच्या फार आवडीचे. लसूण जरा जळला, पण एकंदरीत बेत जमला.

दुपारी गाड्या आल्या आणि घराचं एसटी स्टँड झालं. कुणाला बदली हवी, कुणाला रस्ता, कुणाला नुसताच सेल्फी. ही सोफ्यावर मधोमध आणि मी चहाचा ट्रे घेऊन कडेकडेनं. एका कार्यकर्त्यानं तर मला "काका, जरा पानी आना" असं फर्मावलं. आणलं.

पीएनं घड्याळ दाखवलं, पुढं तुळजापूरला कार्यक्रम होता. मी आत जाऊन शेंगोळ्यांवर झाकण ठेवलं. म्हटलं, गेला हाही दिवस.

तेवढ्यात खिडकीतून शेजारच्या काशीबाईंचा आवाज आला, "आगं पानी सुटलं! लवकर चला गं!"

आमच्या गल्लीची खरंच कमाल आहे. एका क्षणात बैठकीतल्या सगळ्या बायका पसार झाल्या. रस्त्याचं गाऱ्हाणं सांगणारे अण्णा वाक्य अर्धवट टाकून पाण्याची मोटार लावायला पळाले.

गल्लीभर पाइप पसरायचे, तर मधे ह्या गाड्या. "कुनाच्या हायती ह्या? काढा आधी! पाइप जाऊ द्या!" काशीबाईंनी बाहेर तोंडाचा असा काही पट्टा सुरू केला की कार्यकर्ते, पीए, ड्रायव्हर सगळे गाड्या घेऊन थेट किल्ल्याकडच्या मोकळ्या जागेत गेले. पोलीसदादा बिचारे दाराबाहेर पाणी चुकवत पायरीवर उभे.

घरात आम्ही दोघंच उरलो. हिनं पदर खोचला, म्हणाली, "बघत काय बसलात? मोटार लावा की."

मी बटण दाबलं, हिनं पाइप धरला. हौद भरला, ड्रम भरला, घागरी भरल्या... साडी गुडघ्यापर्यंत ओली. मग स्वयंपाकघरात खाली बसून आम्ही शेंगोळे खाल्ले. "लसूण करपलाय," ती म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले. बी.पी.च्या गोळ्या वेळेवर घेतो का, एवढं तिनं विचारलं. मी घेतो म्हटलं.

मग हॉर्न वाजला आणि ती ओल्याच साडीत गेली.

संध्याकाळी महेबूबभाई चहाला आले. मी म्हटलं, "भाई, आज नशीबच म्हणायचं. आपल्या गल्लीचा नंबर तर शेवटचा, अंधार पडल्याबिगर पाणी येत नाही."

महेबूबभाई बशीत चहा ओतत म्हणाले, "नशीब कशाचं सर... ताईंचा फोन आल्ता. कुर्डुवाडीला रेल्वेतनं उतरल्या तवा. म्हनल्या, भाई, आज पाळी आपल्याच प्रभागाची हाय, तर आमच्या गल्लीपासनं सुरू करा. मी घरी पोचले की घटकाभरानं सोडा."

"का?"

"म्या पन तेच इचारलं. तर म्हनल्या, त्याबिगर घर रिकामं व्हायचं न्हाय. सरांसंगं चार घास खायचेत. तिकडं एकटीला जेवान जात न्हाय म्हनल्या."

भाईंनी चहा संपवला आणि ते पुढच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायला गेले.

इतके दिवस मी समजत होतो की या घरात एकटं पडलेलं माणूस मीच. टीव्हीवर ती दिसली की मी तिची साडी बघायचो, ती कुणाच्या शेजारी बसली ते बघायचो... ती जेवली असेल का, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

आता रोज रात्री मी ताट वाढून घेतो आणि तिला फोन लावतो. ती तिकडं जेवते, मी इकडं.