सांगून फुटणारे सुरुंग

आमच्या ऑफिसात काम कधी वेळेवर संपलं असेल तर शपथ, पण किस्से रोज ताजे. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला दुसरा लटकलेला असतो. तेव्हा आज थोडे उतरवूनच टाकते.

आमचं ऑफिस म्हणजे नाशकातल्या भांडी बाजारात बाळूशेठच्या दुकानावरचा मजला. खाली पातेली विकतात, वर आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. गेम साधा आहे. छकुली नावाची छोटी अंतराळवीर एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर उड्या मारत घरी निघालीय. वाटेत तिला सुरुंग भेटतात. गोल, काटेरी, हवेत तरंगत झोपलेले. छकुली जवळ आली की जागे होतात, मागे लागतात आणि फुटतात.

शिरीषदादा मालक, चांगली नोकरी सोडून या भानगडीत पडलेला. अमोल चांदवडचा. तो कोडिंग करतो, म्हणजे सुरुंगांना जी काय अक्कल आहे ती त्याने दिलेली. मृणाल चित्रं काढते. आणि मी वैशाली, कुठल्या ग्रहावर किती सुरुंग पेरायचे ते ठरवते. आई लोकांना सांगताना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते, बाकी गिळून टाकते.

बंगळुरूची एक कंपनी आमचा गेम जगभर काढायला तयार होती, पण तिथल्या मॅडमना पटला तरच. नाही पटला तर ऑफिसला कुलूप आणि आम्ही सगळे पुण्याला, कुणाच्या तरी बँकेचं ॲप दुरुस्त करत बसायला. मला अजिबात जायचं नव्हतं. 

* * *

आमच्याकडे एक पद्धत आहे. कुठलाही शत्रू कॉम्प्युटरमध्ये जायच्या आधी आपण स्वतः करून बघायचा. खुर्च्या म्हणजे ग्रह, मी म्हणजे छकुली, अमोल म्हणजे सुरुंग. एकदा अमोल गावाला गेला होता, म्हणून शिरीषदादा सुरुंग झाला. टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून पडला. मी चपला काढून खुर्चीवरून खुर्चीवर निघाले. जवळ पोचले तसे दादाने डोळे वटारले आणि रांगत माझ्यामागे लागला.

आणि दारात त्याचे सासरे! हातात पेढ्यांचा पुडा. जावयाचं नवीन ऑफिस बघायला पहिल्यांदाच आलेले.

दादा रांगता रांगताच "या ना बाबा, बसा" म्हणाला. मी उभी होते तीच खुर्ची ओढणीने पुसून त्यांना दिली. ते बसले, पाणी प्यायले. मी सगळं नीट समजावून सांगितलं, की मी छकुली, हे सुरुंग, आणि हे माझ्या अंगावर येऊन फुटणार होते. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं. मग अजून गुडघ्यांवरच असलेल्या दादाकडे बघत विचारलं, "आणि प्रमोशन झालं की काय होतात?"

पेढे मात्र ठेवून गेले, माणूस चांगला.

* * *

गल्लीच्या तोंडाशी सुकदेवभाऊंची चहाची टपरी आहे. आमच्या निम्म्या मीटिंगा तिथेच होतात, कारण वर पंखा नीट चालत नाही.

एकदा मी आणि अमोल कटिंग घेत बोलत होतो. मी म्हटलं, पुलाखाली अजून दोन सुरुंग लावू, तिथून लोक फार सहज निसटतात. अमोल म्हणाला, मग शाळेपाशीचे काढ, सगळे एकदम उडाले तर मजा जाते. आमच्या गेममध्ये एका ग्रहावर शाळा आहे, हे शेजारच्या सफारीवाल्या गृहस्थांना कुठून माहीत असणार? त्यांचा चहाचा ग्लास हवेतच थांबला.

सुकदेवभाऊंच्या ते लक्षात आलं. मोठ्या मायेने त्यांना धीर देत म्हणाले, "घाबरू नका साहेब, यांचं रोजचंच आहे. अजून एकपण नीट फुटलेला नाही."

गृहस्थ अर्धा चहा ठेवून गेले.

* * *

सुरुंगांना अमोलने एकच गोष्ट शिकवली होती. जे जवळ हलताना दिसेल त्याच्या मागे जायचं. एका सकाळी बघतो तर छकुली कोपऱ्यात नुसती उभी, आणि दोन सुरुंग एकमेकांभोवती गिरक्या घेतायत. हा हलला की तो मागे, तो हलला की हा मागे. हळूहळू जवळ येत गेले, चिकटले आणि दोघंही फुटले. मृणालच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं होतं.

अमोल कपाळाला हात लावून कोड उघडतोय तेवढ्यात त्याच्या आईचा फोन. ह्याच्यासाठी एक स्थळ आलं होतं आणि हा नेहमीसारखी टाळाटाळ करत होता. फोन स्पीकरवर, त्यामुळे मृणाल मागून म्हणाली, "काकू, ह्याच्या सुरुंगांची लग्नं जमली, हाच राहिलाय."

काकूंनी क्षणभर विचार केला. "मंग पुढं काय झालं त्यांचं?"

"फुटले की हो."

"मंग बरोबर हे. लगीनच हे ते."

* * *

मृणालची आत्या मनमाडची. जंक्शनवर आयुष्यभर गाड्यांच्या अनाउन्समेंट केल्या, आता रिटायर. नाशकात आली की आमच्याकडे गेम खेळायला बसते, आणि आम्हीही बसवतो, कारण तोंडावर खरं सांगणारं माणूस फुकट कुठे मिळतं?

तेव्हा आमचे सुरुंग गुपचूप फुटायचे. डोळा उघडला की खेळ खलास. आत्याची छकुली पहिल्याच ग्रहावर मेली, दुसऱ्यांदा मेली, मग मरतच राहिली. शेवटी आत्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि चष्मा काढला. तिने चष्मा काढला की मृणाल लहानपणापासून घाबरते.

"न सांगता फुटतात म्हणजे काय? आमच्याकडे गाडी लेट व्हायची, तीसुद्धा सांगून व्हायची!"

आम्ही हसलो, पण त्याच आठवड्यात बंगळुरूच्या मॅडमनी व्हिडिओ कॉलवर हेच ऐकवलं. लोक इथे चिडून गेम सोडतील. सुरुंग सुधारा, नाहीतर आम्हाला हा गेम नको. कॉल संपेपर्यंत माझं अर्धं सामान मनातल्या मनात बांधून झालं.

* * *

तेव्हा अमोलला त्याचे नाना आठवले. नाना म्हणजे त्याचे चुलते. चांदवडकडे विहीर खोदताना खडक लागला की सुरुंग लावतात. वात पेटवायच्या आधी एक जण उंचावर उभा राहून सगळ्या शिवाराला ओरडून सांगतो. माणसं, गुरं लांब गेल्याशिवाय काडी ओढत नाहीत. तरुणपणी ते ओरडायचं काम नानांकडे होतं. आपले सुरुंग पण आधी असंच ओरडतील आणि मग फुटतील, अमोल म्हणाला.

नाना आले. मृणालने खिडक्या लावून, भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्डिंगची खोली केली होती. नानांनी गाद्या बघितल्या, माइक बघितला आणि म्हणाले, "बंद खोलीत कुणाला वरडू? माणसं दिसली पाहिजे ना."

मग काय, वरात गॅलरीत. अमोल वायर ओढत मागे. नानांनी टोपी नीट केली, छाती भरून घेतली आणि खाली भर बाजारात हाक सोडली. "सुरुंग हाय होऽऽऽ! बाजूला व्हाऽऽऽ!"

भांडी बाजार रिकामा झाला हो! गिऱ्हाईकं पिशव्या टाकून पळाली, रिक्षा उलट्या गेल्या, आणि बाळूशेठ समोरच्या ओट्याआड डोक्यावर पातेलं धरून बसले. नानांनी कठड्यावरून वाकून आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. कुणी राहिलं नाही याची खात्री करून घेतली आणि शांतपणे अमोलकडे वळले.

"हां. आता लाव."

* * *

आवाज गेममध्ये घातला आणि खेळाचा रंगच पालटला. हाक आली की पळायचं, पळता पळता हसायचं. आत्याने तर फोनवरून शाबासकी दिली. मॅडमचा मात्र मेल आला, की कल्पना छान आहे, पण मराठी कुणाला समजणार? जगभरच्या पोरांना अर्थ कळला पाहिजे. इंग्लिश करा, नाहीतर जमणार नाही.

शिरीषदादाने मग स्वतःच्या आवाजात "प्लीज मूव्ह असाइड" रेकॉर्ड केलं. ऐकल्यावर वाटायचं, सुरुंग लिफ्टमधून उतरायला वाट मागतोय. बाळूशेठ वर आले होते, त्यांनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "हा फुटणारे का अर्ज करणारे?"

अमोल त्या दिवशी डबा न उघडता बसला. दादा त्याच्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "नानांचा आवाज मलाही आवडतो रे. पण ऑफिसच राहिलं नाही तर तो आवाज वाजवायचा कुठे?" मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचंही वाईट वाटत होतं.

* * *

आणि मग मॅडम स्वतः आल्या, शेवटचा निर्णय द्यायला. सुती साडी, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर हसू नाही. चहा नको म्हणाल्या, चिवडा नको म्हणाल्या, थेट कॉम्प्युटरसमोर बसल्या. दादाने इंग्लिशवाला गेम लावायला सांगितलं होतं आणि अमोल "हो" म्हणाला होता. अमोल इतक्या पटकन "हो" म्हणाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

छकुली उड्या मारत पहिल्या सुरुंगापाशी पोचली. सुरुंगाने डोळा उघडला. अमोल छताकडे बघायला लागला.

"सुरुंग हाय होऽऽऽ! बाजूला व्हाऽऽऽ!"

दादा पांढराफटक पडला. आणि मॅडम? मॅडमच्या हातातून कंट्रोलर सुटला. त्यांनी दोन्ही पायांनी जमिनीला रेटा दिला आणि खुर्चीसकट थेट मागच्या भिंतीला जाऊन टेकल्या, पाय वर, पर्स छातीशी. पडद्यावर बिचारी छकुली एकटीच उभी राहिली आणि फुटली.

दादा हात जोडून सॉरी म्हणत पुढे झाला, चुकून दुसराच गेम लागला म्हणाला, इंग्लिशवाला लगेच लावतो म्हणाला. मॅडमनी त्याला हाताने थांबवलं. मघाशी बसल्या होत्या त्या जागेकडे बघितलं, मग आपण कुठे आलोय ते बघितलं. सावकाश पाय खाली घेतले. मग हिंदीत म्हणाल्या, आवाज हाच राहील, एक शब्दसुद्धा बदलायचा नाही, कागदपत्रं याच आठवड्यात पाठवते.

मृणालने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी वाकली.

साडी सारखी करत मॅडमनी अमोलला विचारलं, "लेकिन इसका मतलब क्या होता है?"

अमोल म्हणाला, "मॅडम, अभी आपने जो किया ना, वोहीच."