टेलरचाचांचा तपास

कोणावरच विश्वास न ठेवता माणूस किती आनंदात जगू शकतो, हे ज्याला पाहायचं असेल त्याने ब्रह्मपुरीत आमच्या शेजारी राहायला यायला हवं होतं. आमचे शेजारी टेलरचाचा. गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढून खोटं बोलतं, असा त्यांचा ठाम समज होता. त्यामुळे ते आधी माप घेत, मग माणसाला पिकापाण्याच्या गोष्टीत गुंतवत, आणि तो बेसावध झाला की टेप पुन्हा कमरेभोवती फिरवत. नागपूरच्या बसमध्ये बसण्याआधी बस कुठे जाते ते कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि खिडकीतल्या एखाद्या बाईला विचारत. तिघांचं उत्तर एकच आलं की माझ्या कानाशी पुटपुटत, "तिघंही मिळालेले दिसून राह्यले." चाची त्यांना चहा देताना आधी स्वतः घोट घेऊन दाखवत. संशय म्हणून नव्हे, तो साखरेचा पुरावा होता.

अशा माणसाच्या मुलीसाठी स्थळ आलं. मुलगा ब्रह्मपुरीचाच, नोकरी घुग्घुसच्या कोळसा खाणीत. सुट्टीला घरी यायचा. घर चांगलं, माणसं चांगली, आणि नेमकं तेच चाचांना खटकलं. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की सुट्टीचा अख्खा दिवस हा मुलगा कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तलवार घेऊन राक्षस मारण्याचा कुठलासा गेम खेळत बसतो. ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. चाचा नकार कळवायलाच निघाले होते. पण मुलीच्या मनात हे स्थळ भरलं होतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, की जाऊन तर बघा, आणि तो हरल्यावर चिडतो का ते मला येऊन सांगा.

साक्षीदार म्हणून चाचांनी मला सोबत नेलं. कॅफेत प्लायवूडच्या आडोशात कॉम्प्युटर मांडलेले. एका खुर्चीवर मुलचेऱ्याकडचा बंगाली विद्यार्थी, दुसऱ्या खुर्चीवर सिरोंच्याचा तेलुगू बोलणारा एक कंत्राटदार, कोपऱ्यात आपला खाणवाला. गेमवरचं इंग्रजी कोणालाच धड वाचता येत नव्हतं, तरी सगळे एकाच गुहेत शिरलेले. कॅफेवाला अभिमानाने सांगू लागला की हाच गेम अमेरिकेतही लोक जेवणखाण सोडून खेळतात, कोरियातही. चाचांचे डोळे बारीक झाले. मला बाहेर ओढून म्हणाले, "भाऊ, बंगाल्याले अन् तेलुगूले एक भाजी चालत नाई. मंग हा एकच खेळ सगळ्यायले कसा चालते? काहीतरी मिसळलं हाये याच्यात."

काय मिसळलंय ते शोधायला ते स्वतः खुर्चीवर बसले. दर सुट्टीच्या दिवशी, खाणवाला आला की हेही हजर. दुकानावर पाटी लागायची, 'नमाजला गेलो आहे', आणि खुद्द मौलवीसाहेब ती वाचून परत जायचे. गेममध्येही चाचांचा स्वभाव बदलला नाही. औषध विकणाऱ्या म्हातारीकडून ते औषध घेत नसत. रस्ता दाखवणाऱ्या साधूच्या बरोबर उलट दिशेने जात आणि हटकून मरत. जमिनीवर टाकलेली वस्तू कोणीही उचलू शकतो हे कळल्यावर त्यांनी खाणवाल्याच्या वीरासमोर आपली सर्वात चांगली तलवार मुद्दाम टाकली आणि झाडामागे दबा धरला. त्याचा वीर तलवारीपाशी राखण करत उभा राहिला, हातही लावला नाही. घरी येताना चाचा म्हणाले, की एवढा चांगुलपणा दाखवतो म्हणजे त्याने आपल्याला ओळखलं असणार.

दरम्यान तपास पुढे सरकत होता. एका दुपारी काज करता करता ते मला म्हणाले, "त्या गेममधली पेटी उघडली का काय निंघन, हे समजत नाई. म्हणून हात थांबत नाई. कोण्यातरी हुशार माणसानं साऱ्या दुनियेचं माप घेतलं, भाऊ. एकच माप, अन् सगळ्यायले बसते. असा कपडा मी अजून शिवला नाई." त्यांच्या आवाजात संशय होता, पण थोडा हेवाही होता.

मग एका सुट्टीला, मोठ्या राक्षसाचे शेवटचे श्वास चाललेले असताना, लोडशेडिंग झालं. चाचांनी काहीच सेव्ह केलं नव्हतं, कारण सेव्ह केलेलं नेमकं कुठे जातं हे त्यांना कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. त्यांनी कीबोर्ड आपटला, कॅफेवाल्याला, वीज मंडळाला आणि मला मिळून दोष दिला. अंधारातून खाणवाला आला. त्याचंही सगळं गेलं होतं. त्याने कीबोर्डची निघालेली बटणं जमिनीवरून वेचली आणि शेजारी बसला.

"चाचा, तुम्ही मले पाहाले येता, हे मले पहिल्याच दिवशी समजलं."

"मंग खेळणं काऊन नाई सोडलं?"

"सोडलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, लपवून राह्यला." मग तो म्हणाला, "खाणीत शिफ्टभर राबतो. कोळसा गाडीत भरून निंघून जाते, माह्या हाती काई दिसत नाई. इथी दिसते."

चाचा बराच वेळ बटणं जागेवर बसवत राहिले. त्या संध्याकाळी मुलीने विचारलं, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की चिडलो मी, तो नाही. लग्न ठरलं.

पुढे कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. जावयाने आपला जुना कॉम्प्युटर सासऱ्याच्या दुकानात आणून ठेवला. मुलगी घुग्घुसहून ईदला माहेरी आली की बापाशेजारी बसून खेळायची, आणि बेधडक त्या म्हातारीकडून औषध घ्यायची. चाचा ओरडायचे, ती हसायची.

अशाच एका ईदनंतर तिला घुग्घुसला जायला चंद्रपूरच्या बसमध्ये बसवून आम्ही दुकानात परतलो. पडद्यावर तिचा वीर झाडाखाली तसाच उभा होता. मी कॉम्प्युटर बंद करायला बटणाकडे हात नेला, तर चाचांनी तो धरला.

"राहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "इथचे माणसं कुठी जात नाई."

चाचींनी चहा आणून ठेवला. तो निवला तरी ते पडद्याकडेच पाहत होते.