वाकणारी तलवार

अकोल्यात अब्बांचं सीट कव्हरचं दुकान आहे. जीप असो, ऑटो असो, ट्रॅक्टर असो, गादी फाटली की ती आमच्याकडे येते. मी तेव्हा अमरावतीला फार्मसी शिकत होते आणि होस्टेलवर राहत होते. होस्टेलच्या मॅडम मुलींची पार्सलं स्वतःसमोर उघडायला लावायच्या, म्हणून मी काहीही मागवलं की पत्ता दुकानाचा टाकायचे. अब्बा पार्सल तसंच्या तसं कपाटावर ठेवून द्यायचे. मी घरी गेले की उचलून आणायचे.

त्या वर्षी अमरावतीच्या एका कॉलेजात कॉस्प्लेची स्पर्धा होणार होती. कार्टून मालिकेतलं किंवा गेममधलं एखादं पात्र निवडायचं, त्याच्यासारखे कपडे, केस, हत्यार सगळं करायचं आणि स्टेजवर तसं वागून दाखवायचं. माझी रूममेट आधी दोनदा गेली होती. तिनं मलाही ओढलं. मी जपानी मालिकांतली एक लढवय्यी बाई निवडली. तिचा पायघोळ कोट होता, डोक्यावर टोपडं होतं, त्यामुळे माझ्या स्कार्फचा प्रश्नच उरत नव्हता. आणि तिच्या पाठीवर रुंद पात्याची तलवार होती.

कोट मी शिवून घेतला. तलवारीसाठी मोबाइलवर शोधत बसले. प्लास्टिकच्या होत्या, त्या जत्रेतल्या खेळण्यासारख्या दिसायच्या. लाकडी होत्या, पण त्यांचा आकार वेगळा. मग एक दिसली, हुबेहूब तशी. फोटोत तिच्या पात्यावर उजेड पडला होता. खाली 'शोभेची' असं लिहिलेलं होतं. कशाची बनवलीय ते मी वाचलं नाही. शोभेची म्हणजे खोटी, एवढंच डोक्यात घेतलं.

अब्बांनी ते पार्सल उघडलं, कारण ते लांब नळीसारखं होतं आणि नागपूरहून रेक्झिनच्या नमुन्याचा रोल यायचा होता. दुकानात त्या वेळी दर्यापूरचा एक जीपवाला बसला होता. गावोगावी प्रवासी जीप चालवतो, दोन-तीन वर्षांनी सीटा बदलायला येतो, अब्बांच्या ओळखीचा. शिवाय रस्त्यावरची दोन माणसं पानटपरीवर उभी होती. अब्बांनी कागद फाडला आणि स्टीलची तलवार निघाली.

पुढचं मला जीपवाल्यानं सांगितलं, अब्बांनी नाही. अब्बा काही क्षण तसेच ती हातात धरून उभे राहिले. मग ती मशीनखाली ठेवली, वर रेक्झिनचा तुकडा टाकला, आणि भर दुपारी शटर अर्ध्यावर ओढलं. जीपवाला हळूच म्हणाला, "चाचा, घाबरू नका, पण ठेवू बी नका."

मला फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. घरात आम्ही हिंदी-उर्दूत बोलतो. पण अब्बा दिवसभर गिऱ्हाइकांशी वऱ्हाडीत बोलतात आणि गंभीर काही असलं की माझ्याशीही त्याच भाषेत बोलतात. ते एवढंच म्हणाले, "तुह्यासाठी तलवार आली. तू आत्ताच्या आत्ता ये." आवाज चढलेला नव्हता. मला आधी हसूच आलं होतं. बसमध्ये बसल्यावर ते गेलं.

घरी पोचले तर अम्मी जानमाजवर बसून होती, नमाजची वेळ नसताना. अब्बांचं ठरलं होतं. ते स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन तलवार जमा करणार होते. अम्मीचं म्हणणं होतं की रात्री विहिरीत टाकून द्या. अब्बा म्हणाले, पानटपरीवरच्या दोघांनी पाहिलंय, आज ना उद्या कोणी बोलेल, मग आपण कुठं कुठं सांगत फिरणार. मी सांगायचा प्रयत्न केला की ही नाटकाची वस्तू आहे, कॉलेजातली मुलं मागवतात. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या पोरांच्या घरी मागवत असतील," ते म्हणाले. "आपल्या घरी तलवार निघाली तर कोणी नाटक विचारते का?"

मला कळत नव्हतं असं नाही. अकोल्यात वाढलेल्या कुठल्याही मुलीला ते कळतं. पण मोबाइलवर तो फोटो बघताना मी अकोल्यातली नव्हते, मी कोणाच्या घरची नव्हते. त्या बाईच्या कोटात शिरले होते.

जीपवाला गावाला परत गेला नव्हता. तो म्हणाला, मी येतो, पार्सल फुटताना मी होतो. अब्बांनी नको म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. मग त्याच्याच जीपमध्ये, मागच्या उघड्या स्प्रिंगच्या सीटवर रेक्झिनमध्ये गुंडाळलेली तलवार आडवी ठेवून, आम्ही तिघं ठाण्यात गेलो.

तिथला साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं. अब्बा बसले नाहीत. माझे अब्बा दुकानात कोणापुढं वाकत नाहीत. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं तर सरळ म्हणतात, दुसरीकडे पाहा. ते अब्बा हात पुढे बांधून उभे होते आणि प्रत्येक वाक्याच्या आधी साहेब म्हणत होते, नंतरही साहेब म्हणत होते. "साहेब, पोरगी नादान हाय साहेब. शिकून राहिली. तिले समजलं नाही साहेब." मी एकवीस वर्षांची होते. पहिल्या नंबरानं पास होणारी. मान खाली घालून मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले. अंगठ्याजवळ रेक्झिन चिकटवायचं सोल्युशन वाळून पांढरं झालं होतं.

साहेबानं पात्यावरून अंगठा फिरवला, धार नाही म्हणाला. मग मला विचारलं, हे कशाला. मी सांगायला लागले. कॉस्प्ले हा शब्द मी तीनदा उच्चारला आणि दर वेळी तो अधिक खुळा वाटला. पात्र, वेश, स्टेज. बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी लिहिणं थांबवलं होतं. साहेब म्हणाला, "म्हणजे बहुरूपी." मी हो म्हटलं. कोणीतरी हसलं. अब्बाही हसले, सगळे हसले म्हणून. तेवढं हसणं मला पुढं फार दिवस ऐकू येत राहिलं.

मग साहेबानं जीपवाल्याला विचारलं, तुम्ही कोण. त्यानं नाव-गाव सांगितलं आणि म्हणाला की या माणसाला पार्सलात काय आहे ते ठाऊकच नव्हतं, मी समोर बसलो होतो. त्याचं नाव ऐकल्यावर साहेबाची खुर्ची थोडी मागं रेलली. अब्बांचं जे सगळं सांगून झालं होतं तेच जीपवाल्यानं सांगितलं, तेव्हा कुठं ते पटलं. तलवार त्यांनी ठेवून घेतली, पुन्हा असलं मागवू नका म्हणून सांगितलं, आणि आम्हाला जाऊ दिलं. बाहेर आल्यावर अब्बांनी जीपवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला. मी आभार मानायला हवे होते. मी जीपमध्ये जाऊन बसले.

स्पर्धेत जाणार नाही असं मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं. सुट्टी लागून घरी आले तरी तो विषय निघाला नाही. मी कोट पेटीत तळाशी टाकला. एक दिवस अम्मीनं तो धुवायला काढला आणि अब्बांनी दोरीवर वाळताना पाहिला. जेवताना त्यांनी विचारलं, "त्या कार्यक्रमाले लोखंड चालते का?"

मी तेव्हा पहिल्यांदा स्पर्धेचे नियम नीट वाचले. धातू चालत नव्हताच. टोक गोल हवं, कड मऊ हवी, दाबलं की वाकायला हवं, आत कडक दांडी असेल तर ती टोकापर्यंत जाता कामा नये. सगळं आधीपासून लिहिलेलं होतं.

"मग बनवू," अब्बा म्हणाले.

पहिली आम्ही गादीच्या फोमची केली. दुकानात फोम भरपूर. ती उभी धरली की वरून लुळी पडायची, केळीच्या पानासारखी. अब्बांनी आत लाकडी पट्टी घातली, तर ती दांडकं झाली. मग मी व्हिडिओ बघून त्यांना म्हटलं की चपलेच्या सोलचं शीट लागतं, तसलं घट्ट. ते अब्बांनी चपलांचा माल विकणाऱ्याकडून आणलं. दोन थर कापले, मध्ये वायरिंगचा बारीक पाइप ठेवला, टोकाच्या चार बोटं आधीच तो संपवला, आणि पाइपच्या तोंडावर फोमचा गोळा बसवला, म्हणजे आतून टोचणार नाही. कड मी कटरनं तिरपी काढली आणि पॉलिश पेपरनं घासली. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून थोडं सुकू द्यायचं आणि मगच चिकटवायचं, हे मला येत नव्हतं, त्यांना येत होतं. रंग माझा. आधी काळा, वर चंदेरी, आणि कडेला चंदेरी थोडा जास्त. लांबून पोलादी वाटायची. मला ती आवडली आणि आवडली याचीच लाज वाटली.

मग अब्बा अंगणात पाठ करून उभे राहिले. "मार," म्हणाले.

मी नाही म्हटलं.

"मार. लागते का पाह्यतो. कोण्या लेकराले लागली तर?"

मी हळूच टेकवली. ते म्हणाले असं नाही, जोरात. मी डोळे मिटून त्यांच्या खांद्यावर मारली. फोम फट्‌ वाजला, पातं वाकलं आणि सरळ झालं. अब्बा म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा मारली. तेवढ्यात अम्मी दारात आली. बापावर तलवार उगारलेली मुलगी बघून तिच्या हातातली परात खाली पडली. अब्बा खांदा चोळत म्हणाले, काही नाही, चेक करून राहिलो. लागली होती का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला समजलं नाही.

अमरावतीला ते माझ्यासोबत आले. मी तलवार चादरीत गुंडाळली होती, ती त्यांनी सोडवून काढली. झाकलेली वस्तू लोकांना जास्त खुपते, म्हणाले. आणि मग अकोल्याच्या बस स्टँडवर, दाढीवाला, टोपीवाला माझा बाप एक रुंद चंदेरी तलवार उघडी घेऊन उभा राहिला. कोणी वळून बघितलं की ते तिचं टोक वाकवून दाखवायचे. कंडक्टरला दाखवलं. शेंगावालीला दाखवलं. कोणी विचारलंही नसताना सांगायचे, खोटी आहे, रबराची आहे, पोरीचा कार्यक्रम आहे. एक म्हातारा म्हणाला, चाचा, लढाईले चालले का. अब्बा त्याच्यासाठीही हसले.

मी थोड्या अंतरावर, दुसऱ्या खांबाशी, मोबाइलमध्ये बघत उभी होते. बस लागल्यावर मी मागच्या दारानं चढायला बघितलं, पण दार एकच होतं.

स्पर्धेत माझा नंबर आला नाही. स्टेजवर मी ठीक होते. टाळ्या मिळाल्या. गेटवर तपासणी करणाऱ्या मुलानं तलवार वाकवून बघितली आणि छान म्हणाला. अब्बा शेवटच्या रांगेत बसले होते, बाकीच्यांच्या तलवारी निरखत.

कार्यक्रम संपल्यावर मी ती परत चादरीत गुंडाळायला घेतली. अब्बा म्हणाले, "हे घरी नको नेऊ."

मला वाटलं बसमधल्या गर्दीमुळे म्हणत असतील.

"खोटी हाय हे आपल्याले माहीत हाय," ते म्हणाले. "तुह्या मैत्रिणीले दे. तिच्या घरी चालते."

रूममेटचं घर अमरावतीहून तासाभरावर होतं. तिनं आनंदानं घेतली. नंतर मी तिच्याकडे जेवायला गेले तेव्हा ती हॉलमध्ये टीव्हीच्या वर दोन खिळ्यांवर टांगलेली होती, दारातून आत येताच दिसेल अशी. तिच्या वडिलांनी मला ती उतरवून दाखवली. किती हुबेहूब केलीय, म्हणाले, येणारा प्रत्येक जण विचारतो, तू एकटीनं केलीस का. मी म्हटलं, अब्बांनी आणि मी. त्यांनी ती परत टांगली, जरा मागं होऊन सरळ आहे का ते बघितलं, आणि आम्ही जेवायला बसलो.